सकाळचं पहिलं पाणी

ठकीने दुधाची बाटली तोंडातून ढकलली, ती सकाळपासून तिसऱ्यांदा. आक्काने तिला मांडीवर या कुशीवरून त्या कुशीवर घेतलं, पोट चाचपलं, पाठ थोपटली आणि बाटलीचं बोंड पुन्हा तिच्या ओठांना लावलं. पोरीने तोंड फिरवलं. सात महिन्यांचं लेकरू, पण धड रडायचंही त्राण नव्हतं. नुसती कुंथायची आणि गप्प व्हायची.

"नखरे," आक्का म्हणाली. "आईवर गेलीय."

आई म्हणजे आक्काची सून. ती चपलांच्या दुकानात विक्रीला उभी असायची, सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत. मुलगा शहराची बस चालवायचा, त्याचा घरी यायचा ठिकाणा नाही. त्यामुळे दिवसभर ठकी आक्काची, वरच्या दोन खोल्या आक्काच्या आणि खालची लाँड्रीही आक्काचीच. लाँड्रीत दोन मोठी मशीनं, एक दगडी हौद, एक लांबलचक टेबल आणि त्या टेबलामागे वाफेची इस्त्री धरून उभा असलेला इस्त्रीवाला. त्याला वीस वर्षं झाली तिथे. आक्कापुढे तोंड उघडायची हिंमत तेवढी त्याच्यात होती.

"दोन महिन्यांपूर्वी कशी गुबगुबीत होती," तो म्हणाला. "आता बघा. अभ्र्यातून उशी काढून घेतल्यासारखी दिसते."

"दात येतायत तिला. तू कॉलर बघ, करपेल."

दात येत होते हे खरं. पण सहा महिन्यांची असताना ठकी भिंतीला टेकून बसायला लागली होती, ती आता बसत नव्हती. बसवली की घडी मोडल्यासारखी एका अंगाला पडायची. शौचाला चार-चार दिवस होत नव्हतं. रंग पार उतरला होता. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं तर त्यांनी रक्त कमी आहे म्हणून थेंब लिहून दिले. आक्काने थेंब दिले आणि वर आपला उपायही वाढवला. तो उपाय तिने कुणाला सांगितला नव्हता.

तो सांगायचा तर आधी पाण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण या बाईचं सगळं आयुष्य पाण्याशी भांडण्यात गेलं.

त्या शहराचं पाणी जमिनीच्या पोटातून यायचं, खोल विहिरींतून, आणि इतकं जड की साबण घासून घासून मनगटं सुजायची तरी फेसाचं नाव नाही. हौदावर राखाडी चिकट तवंग धरायचा आणि तोच चादरींना बसायचा. लॉजच्या नव्या कोऱ्या चादरी सहा धुण्यांत भिकाऱ्याने टाकून द्याव्यात अशा व्हायच्या. नळाच्या तोटीवर पांढरं पुट, केटलीत पुट, मशीनच्या आतल्या तापत्या कांबीवर तर बोटभर जाड खपल्या. आक्का त्या छिन्नीने तासायची आणि तासताना पाणीखात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

एक दिवस तिने लॉजची एक चादर काखेत मारली आणि सरळ पाणीखात्यात गेली. मोठ्या साहेबाच्या टेबलावर, फायली होत्या त्यांच्यावरच, ती चादर अंथरली.

"ही पांढरी आहे," ती म्हणाली. "तुमच्या पाण्याने धुतलीय. पाणी कसलं, पातळ केलेला दगड आहे तो. झोपून बघा हिच्यावर."

साहेब झोपला नाही, पण आक्काने त्याला बसूही दिलं नाही. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. स्वतःचं नाव लिहायला तिला चांगली पाच मिनिटं लागायची, तरी पहिली सही तिची. वर्षानुवर्षं खेटे घातले. आणि ठकीच्या जन्मानंतर दीड-दोन महिन्यांत शहराने त्या विहिरी बंद करून डोंगरातल्या तळ्याचं पाणी नळाला सोडलं. हलकं पाणी. आक्काने पहिल्यांदा चिमूटभर पावडर टाकली तर फेस हौदाबाहेर आला. ती हौदाच्या कठड्यावर बसून त्या फेसाकडे बघत राहिली, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते पावडरीमुळे असं इस्त्रीवाल्याला सांगितलं.

"हे पाणी मी आणलंय," ती जाईल तिथे सांगायची.

"तळंही हिनेच खणलं असेल," समोरची शिंपीण आपल्या शिलाईमशीनवरून म्हणायची. दोघींचं तीस वर्षं असंच चालत आलेलं. बोलल्याशिवाय करमायचं नाही आणि बोलल्यावर पटायचं नाही.

सुनेला मात्र हे नवं पाणी आवडेना. पहिले काही आठवडे सकाळी नळ सोडला की धार थोडी पिवळट यायची. तेवढ्यावरून तिने ठकीसाठी पाण्याचे जार सुरू केले. कामावर परत जायला लागली त्या दिवशी तिने आक्काला जवळ बसवून सांगितलं, "आक्का, ठकीचं दूध जारच्याच पाण्यात कालवायचं. नळाचं एक थेंबही नको."

"हो बाई," आक्का म्हणाली.

आक्काचं हो इतक्या झटपट आलं की ते नाही असतं, हे गल्लीतलं कुत्रंही जाणून होतं. पण सून दोन वर्षांपूर्वीच घरात आलेली.

आक्काला ते फार लागलं. जिच्यामुळे सगळ्या शहराला हलकं पाणी मिळालं, तिच्याच घरातलं लेकरू दुकानातलं, प्लॅस्टिकमध्ये कोंडलेलं, मेलेलं पाणी पिणार? तिने ठकीचं दूध नळाच्या पाण्यातच कालवलं. चांगलं उकळून, गाळून. जार मात्र रिकामा व्हायला हवा, नाहीतर सुनेच्या लक्षात येईल. म्हणून जारचं पाणी तिने इस्त्रीच्या टाकीत ओतायला सुरुवात केली.

"आक्का, हे प्यायचं पाणी," इस्त्रीवाला म्हणाला.

"मग? इस्त्रीला तहान लागत नाही का?"

इथवर एक वेळ निभावलं असतं. पण मग पाणीखात्याची बाई आली.

निळा गणवेश, खांद्याला थैली, थैलीत रिकाम्या बाटल्या. घाईत होती. दारातूनच म्हणाली, "हे बघा, रात्री झोपताना सगळे नळ बंद करायचे. सकाळी कुणीही पाणी वापरायच्या आधी, अगदी पहिल्या धारेचं पाणी या बाटलीत भरायचं. आधी वाहू द्यायचं नाही. पहिलंच पाहिजे आम्हाला."

"पहिलंच कशाला?"

"तेच लागतं तपासायला. सगळं लिहिलंय त्यात." तिने बारीक अक्षरांचा एक कागद आक्काच्या हातात कोंबला आणि शेजारच्या दाराची घंटा वाजवली.

ती बारीक अक्षरं आक्काला लागली नाहीत, आणि मुलाला विचारायचं तर आपल्याला लागत नाहीत हे कबूल करावं लागलं असतं. कागद तिने कपाटात टाकला आणि आपल्या डोक्याने विचार केला. डोकं तिचं चांगलंच चालायचं. खात्याला पहिलंच पाणी हवंय, म्हणजे पहिल्यात काहीतरी आहे. रात्रभर नळीत निवांत बसलेलं, कुणाचा हात न लागलेलं. दूध रात्रभर ठेवलं की वर साय येते, तसंच. मग ती साय सरकारच्या बाटलीत का घालायची? माझी नात काय ओवाळून टाकलीय?

दुसऱ्या दिवसापासून आक्का सगळ्यांच्या आधी उठायची. नळ सोडला की पहिली धार सरळ पातेल्यात. ते पातेलं गॅसवर ठेवायची आणि निम्मं होईपर्यंत आटवायची, म्हणजे जंतू मरतील आणि कस उतरेल. दिवसभराचं दूध त्यातच. आणि खात्याची बाटली? ती तिने दहा वाजता भरली, मशीनचे दोन घाणे काढून झाल्यावर, खळखळून वाहणाऱ्या गार पाण्याने. महिन्याने कागद आला, घराचं पाणी चांगलं आहे म्हणून. तो तिने मुलाकडून दोनदा वाचून घेतला आणि लाँड्रीच्या भिंतीवर चिकटवला.

समोरच्या शिंपिणीची लेक बाळंतपणाला आली होती. तिलाही आक्काने खिडकीतून ओरडून सांगितलं, "सकाळचं पहिलं पाणी पीत जा गं. कस असतो त्यात."

आणि ठकी सुकायला लागली तेव्हा आक्काने जो उपाय वाढवला तो हा. निम्म्याऐवजी पाऊण पाणी आटवायला लागली.

तर त्या दिवशी दुपारी, ठकीने तिसऱ्यांदा बाटली ढकलली. मग तिने एकदम मान मागे टाकली. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. एक हात झटके द्यायला लागला, मग पाय, मग सगळं अंग. आक्का तिला दोन्ही हातांनी धरून टेबलाकडे धावली. इस्त्रीवाल्याने बघितलं. इस्त्री तशीच टेबलावर टाकून तो रस्त्यात जाऊन हात पसरून उभा राहिला आणि पहिली दिसली ती गाडी त्याने अडवली.

इस्पितळात सून दुकानाच्या एप्रनवरच धावत आली. मुलगा बस दुसऱ्याच्या हाती देऊन आला. तोवर ठकीला सुया टोचून झाल्या होत्या, झटके थांबले होते आणि ती काचेच्या पेटीसारख्या खाटेत पडली होती. श्वास चालू होता, एवढंच. आक्का खाटेच्या पायथ्याशी उभी होती आणि दांडी सोडायला तयार नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी खुर्ची ओढली आणि एकेक विचारायला लागल्या. पडली होती का. ताप होता का. घरात कुणी आजारी आहे का. भिंतींचा जुना रंग उडालाय का, तिने काही तोंडात घातलं का.

"नाही हो," सून म्हणाली. "रंग गेल्याच वर्षी नवा दिलाय. आणि ती सरपटतसुद्धा नाही अजून."

"दूध कसलं?"

"पावडरचं. हाच डबा." सुनेने पिशवीतून डबा काढला. काय म्हणून तो बरोबर आणला होता कुणास ठाऊक.

"आणि पाणी?"

"जारचं. पहिल्यापासून जारचंच. नळाचं तिला देतच नाही."

"नळाचंही चांगलं आहे तसं," मुलगा म्हणाला. त्याने फोनवर भिंतीवरच्या कागदाचा फोटो काढून दाखवला. "खात्याने तपासलंय."

डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितला, मान हलवली आणि कागदावर एक आडवी रेघ मारली. ती रेघ आक्काने बघितली. अक्षरं तिला लागत नसली तरी रेघेचा अर्थ कळत होता. पाणी झालं, आता पुढे.

"रक्त फार कमी आहे हिचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूला सूज आलेली दिसते. लागण झालीय की काय ते बघायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागेल. तुमची सही लागेल."

"धोका असतो त्यात?" सुनेने विचारलं.

"सूज फार असेल तर असतो. खोटं नाही सांगत. पण कारण कळल्याशिवाय मी औषध कशावर देऊ? अर्ध्या तासात तयारी करते."

त्या गेल्या. आक्का दांडी धरून उभी. आतल्या आत तिचं भांडण सुरू होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोर भांडायला दुसरं कुणी नव्हतं. पाण्याचं काय त्यात, उकळलेलं पाणी, जंतू कुठून राहणार. आपण प्यायलो नाही का तेच. नाही, तेच नाही प्यायलो, आपण दिवसभराचं प्यायलो, पहिलं फक्त तिला दिलं. पण खात्यालाच ते हवं होतं. खातं वाईट पाणी कशाला मागेल? आणि हा प्रश्न मनात आला तशी ती थबकली. वाईट आहे का हे बघायला. दुसरं कशाला मागेल? जो माल फाटका वाटतो तोच आपण उजेडात धरून बघतो. तीस वर्षं चादरी उजेडात धरल्या आणि एवढं सुचलं नाही.

तरी तोंड उघडेना. सांगितलं तर सून पोर घेऊन जाईल. मुलगा तिच्या मागे जाईल. आणि नसेलच पाण्याचं काही, तर उगाच.

"तो जारवाला," सून एकाएकी मुलाला म्हणाली. "त्यानेच घाण पाणी भरलं असेल. दुसरं काय आहे? तू जा, धरून आण त्याला इथे."

मुलगा उठला. बाह्या वर करत होता. मग सून आक्काकडे वळली. दोन वर्षांत तिने आक्काच्या अंगाला हात लावला नव्हता, तिची तशी सवय नव्हती. आज तिने आक्काचं मनगट धरलं.

"आक्का, तुम्ही जवळ होतात म्हणून वेळेवर पोचली हो. मी दुकानात मरत होते. तुम्ही होतात म्हणून."

तेवढ्यात परिचारिका सहीचा कागद घेऊन आली आणि तिने पेन सुनेच्या हातात दिलं. आक्काने आपला पंजा त्या कागदावर ठेवला.

"सही करू नको. डॉक्टरीणबाईंना बोलव."

"आक्का, वेळ नाहीये."

"तुझ्या माघारी ठकीने जारचं पाणी कधी प्यालेलंच नाही."

परिचारिका धावत गेली. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हाही आक्काचा पंजा कागदावरच होता. तिने सांगितलं. सलग, एका दमात, भिंतीकडे बघत. जार इस्त्रीत. दूध नळाच्या पाण्यात. रोज सकाळची पहिली धार.

"पण नळाचं पाणी तपासलंय ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तेही खोटं आहे. बाटलीत मी दहा वाजताचं भरलं. पहिलं ठकीला ठेवलं."

"उकळायचात?"

"निम्मं होईपर्यंत. या पंधरा दिवसांत पाऊण आटवत होते. तिच्या अंगाला लागावं म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून उघडले. "आजी, रस्त्यातून घरात येते ती नळी कसली आहे? लोखंडाची?"

"नाही. राखाडी आहे. सासऱ्यांच्या वेळची. मऊ असते, हाताने वाकते. मागे एकदा फावडं लागलं तर आतून चांदीसारखी चमकली."

"शिसं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि परिचारिकेला सांगितलं, "सुई राहू दे. मणक्याला हात लावायचा नाही. रक्त परत घ्या, शिशासाठी, तातडीचं. आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावा." मग आक्काकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. "पूर्वीचं पाणी जड होतं. त्याने नळीला आतून पांढरं अस्तर धरलं होतं, त्याने पाणी शिशापासून राखलं. हे नवं पाणी हलकं, त्याने अस्तर खाल्लं. आता रात्रभर पाणी नळीत थांबलं की शिसं उतरतं त्यात. पहिल्या धारेत सगळ्यात जास्त. आणि उकळून शिसं मरत नाही, आजी. चहा आटवला तर साखर उडून जाते का?"

"नाही," आक्का म्हणाली. "घट्ट होतो."

"हं."

त्या ठकीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं. बाहेर बाकावर तिघं उरली. जारवाल्याला धरायला निघालेला मुलगा बाह्या वर केलेल्या तशाच बसून होता.

"मी रोज विचारायचे," सून म्हणाली. जमिनीकडे बघत होती. "रोज आल्यावर विचारायचे. जारचंच ना, आक्का? रोज हो म्हणालात."

"हो."

"आत्ताही हो." ती हसली, आणि ते हसू बघण्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली असती. "आणि मी तुमचा हात धरला."

आक्काने ते मनगट दुसऱ्या हाताने झाकलं.

"घरी जा आक्का," मुलगा म्हणाला. "इथे नको थांबूस."

ती उठून चालायला लागली तर डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, "आजी, उद्या सकाळची खरी पहिली धार हवी मला. आणि तुमच्या गल्लीत अशा नळ्या किती घरांना आहेत?"

"सगळ्यांना. एकदमच टाकल्यात."

"लहान मुलं? गरोदर बायका?"

आक्काने दाराची चौकट धरली. "समोर शिंपिणीची लेक. सातवा आहे तिला. तिला मी... मी सांगायला हवं."

घरापर्यंत ती चालत गेली. ऊन उतरत होतं. लाँड्रीचं दार उघडंच, इस्त्रीवाला टेबलावरचा करपलेला डाग खरवडत होता. त्याने वर बघितलं आणि परत खरवडायला लागला. ती आत गेलीच नाही. सरळ समोरच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

"काय गं, आज मशीनं गप्प?" शिंपीण वरून म्हणाली. "तळं आटलं की काय तुझं?"

"खाली ये. लेकीलाही आण."

"तूच वर ये. तुझे पाय काही सोन्याचे नाहीत."

तीस वर्षांत आक्का त्या जिन्याची एक पायरी चढली नव्हती. चढली. शिलाईमशीनपाशी उभं राहून तिने सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं, ते खोटं निघालं. शिंपिणीच्या लेकीने दोन्ही हात पोटावर ठेवले. शिंपिणीचं मशीन थांबलं.

"तू हिला पहिलं पाणी पी म्हणालीस," शिंपीण म्हणाली. "अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलंस."

"सांगितलं. प्यायली का?"

लेक आईकडे बघायला लागली. शिंपीण आक्काकडे बघत राहिली, आणि आक्काला वाटलं, आता ही बाई मला जिन्यावरून ढकलून देईल आणि मी पडेन.

"तुझं ऐकतंय कोण," शिंपीण शेवटी म्हणाली. "ही उठते आठ वाजता. तोवर खालच्या भाडेकरूंची नळ सोडून न्हाणी धुऊन झालेली असते." मग आवाज उतरला. "तरी रोज पितेच आहे ना. कमी म्हणजे नाही असं नव्हे. उद्याच नेते हिला दाखवायला." तिने कात्री उचलली, परत ठेवली. "ठकी कशी आहे?"

"माहीत नाही. मला घरी पाठवलं."

शिंपीण उठली. चपला पायात घातल्या. "चल. एका घराला तू सांग, पुढच्या घराला मी सांगते."

"नाही," आक्का म्हणाली. "तू नुसती ये. सगळीकडे मीच सांगते."

अंधार पडेपर्यंत ती सतरा दारांशी उभी राहिली. कुणी पाणी आणून दिलं नाही आणि तिनेही मागितलं नाही. एका घरातल्या बाईने जुळी पोरं कडेवर घेऊन सगळं ऐकलं आणि दार लावताना एवढंच म्हणाली, "तुमचा कागद बघून आम्ही आमची बाटली भरलीच नव्हती." ते वाक्य घेऊन आक्का पुढच्या दाराशी गेली.

सकाळी मुलगा इस्पितळातून आला, रिकामी बाटली घेऊन. डोळे लाल होते. आक्का नळापाशी बसलेली होती, नळाला हात न लावता.

"तू भर," ती म्हणाली.

"नाही. तू भर," तो म्हणाला. "पण मी बघणार."

तिने नळ सोडला. बाटली भरली, बूच लावलं आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडात धरली. काही दिसलं नाही. स्वच्छ होतं.

"रक्ताचा रिपोर्ट आला," तो म्हणाला. "शिसंच आहे. खूप आहे. औषध चालू केलंय. रात्री दोन झटके आले."

"आणि आता?"

"आता नाही." जाताना तो दारात थांबला. "ये म्हणायला सांगितलं नाही तिने. येऊ नको असंही नाही सांगितलं."

आक्का तिसऱ्या दिवशी गेली. तोवर पाणीखात्याची माणसं फावडी घेऊन गल्लीत आली होती आणि लाँड्रीपुढचा रस्ता उकरलेला होता. खाटेजवळ सून बसली होती, मांडीवर ठकी, नाकाला बारीक नळी चिकटवलेली. डोळे उघडे होते, पण कुणाकडे बघत होते असं नाही.

डॉक्टरीणबाई दारापाशी भेटल्या. झटके थांबलेत, म्हणाल्या. जीवाचं भय आजच्या घडीला कमी आहे. बसेल का, बोलेल कधी, बाकीच्या पोरांसारखी शिकेल का, ते वर्षा-दोन वर्षांनी कळेल. औषध रक्तातलं काढतं. मेंदूत जे झालं ते झालं.

आक्काने ऐकून घेतलं. "माझ्यासारखं आणखी कुणी करतं का हो?" असं विचारावंसं वाटलं, पण उत्तर काही आलं तरी त्याने ठकीला काय होणार होतं. ती खोलीच्या दारात उभी राहिली. एक पाय आत, एक बाहेर.

"आत या नाहीतर जा," सून मागे न बघता म्हणाली. "वारा येतोय तिला."

आक्का आत आली. दार ओढून घेतलं आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसली, खाटेपासून लांब. हात मांडीत घट्ट धरले, म्हणजे चुकून पुढे जाणार नाहीत.

सुनेने वाटीतलं दूध चमचाभर घेतलं. दूध कुणी कालवलं, कशात कालवलं, आक्काने विचारलं नाही. चमचा ठकीच्या ओठांना लावला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गळ्याची कातडी हलली.

एक गेला. दुसरा सगळा ओघळून हनुवटीवर आला. सुनेने हनुवटी पुसली आणि तिसरा भरला.